फ्लॅनेलचं अस्तर

होडीत कोणी कुठे बसायचं यावरून सकाळीच पहिली ठिणगी पडली.

नावाडी म्हणाला, "वजन सारखं पडायला हवं. या दोन्ही आजी एका टोकाला नकोत. एक पुढे बसा, एक मागे."

"म्हणजे आम्ही काय पोती आहोत का रे?" आक्काने विचारलं.

"बसा हो आक्का," विहीणबाई म्हणाल्या. त्या पुढच्या फळीवर आधीच ऐसपैस मांडून बसल्या होत्या. "त्याला रोजचा अंदाज असतो. उगाच का तुम्हाला मागे, इंजिनाजवळ पाठवतोय?"

आक्काच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं कडक इस्त्री केलेलं. पण लेकीने डोळे वटारले आणि आक्काने ते उत्तर तसंच गिळलं. गाडीतच लेक म्हणाली होती, "आज दोघींनी भांडण केलंत ना, तर भिंगरीला सरळ वसतिगृहात ठेवीन. मग बसा एकमेकींच्या नावाने बोटं मोडत."

भिंगरी म्हणजे आक्काची नात, लेकीची एकुलती एक मुलगी. सात वर्षांची, एका जागी न टिकणारी. लेक आणि जावई दोघांनाही एका मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरी लागली होती, लेकीला तिथल्या दवाखान्यात आणि जावयाला खाली इंजिनात. जहाजावर पोर नेता येत नाही. तेव्हा वर्षभर भिंगरी कोणत्या आजीकडे राहणार, हा प्रश्न निघाला, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांत भांडी आदळायला लागली. आक्का म्हणे माझ्या पोटच्या पोरीची पोर, माझ्याकडेच येणार. विहीणबाई म्हणत आमच्या घराचं नाव लावते, आमच्याकडेच राहणार. शेवटी जावईबापूंनी डोकं लढवलं. सगळे मिळून एक दिवस जंगलात जाऊ, नदीवर प्राणी बघू, धबधब्याखाली पोहू, आणि परतताना भिंगरीलाच विचारू. ती म्हणेल त्या आजीकडे ती राहील, दुसरीने चकार शब्द काढायचा नाही.

जावयाचं डोकं ते! दोन मांजरांना एका पिशवीत घालून हवापालटाला न्यायचं, आणि वर त्यांनी गुण्यागोविंदाने यावं अशी अपेक्षा करायची.

आक्काची लाँड्री होती. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने उभी केली, हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे अंगरखे धुऊन. शाळा तिने दारातूनच काय ती बघितली, पण कापड हातात आलं की ते काय आहे, किती पाणी पिणार, कुठे आटणार हे तिला चिमटीत कळायचं. विहीणबाईंचं शिवणाचं दुकान होतं, दर्शनी काचेत पुतळे उभे केलेलं. एकमेकींचं तोंड बघायचं नाही असं वैर जडलं ते लेकीच्या लग्नात. विहीणबाईंनी सुनेसाठी शिवलेल्या पोशाखाची बाही आक्काच्या लाँड्रीत इस्त्रीखाली वितळली. विहीणबाई म्हणाल्या इस्त्री तापवून ठेवली होती. आक्का म्हणाली अस्सल रेशीम वितळत नसतं, तुम्ही भेसळीचं कापड अस्सल म्हणून सुनेच्या अंगावर घालत होता. ती बाही दोघींनी अजून जपून ठेवली होती, मनात.

होडी सुटली. गाइड उंचापुरा, उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टी. तो हळू आवाजात म्हणाला, "मंडळी, इथून पुढे तोंडाला कुलूप. काही दिसलं तर हात वर करा आणि बोटाने दाखवा. आवाज झाला की पाणमांजरं बुडी मारतात. मग दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसायचं."

"तेवढी शिक्षा नको बाबा," आक्का पुटपुटली.

नावाड्याने इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. दोन्ही काठांनी झाडं नदीवर ओणवली होती. वेली पाण्यात सुटलेल्या, वर पानांचं छत एवढं दाट की ऊन गाळून खाली येत होतं. हवा अशी ओली की आक्काला वाटलं, इथे एक रुमालसुद्धा आठवडाभर वाळायचा नाही.

भिंगरी मधल्या फळीवर आईबापांच्या मध्ये बसली होती, आणि पुढून-मागून दोन आज्यांची मुकी लढाई चालली होती. विहीणबाईंनी हात वर केला आणि मोठ्या ऐटीत काठाकडे बोट दाखवलं. मगर! भिंगरी उठून उभी राहिली. होडी जवळ गेली. मगरीवर शेवाळ होतं आणि टोकाला पालवी फुटलेली होती. ओंडका होता तो. गाइडने खोकल्यात हसू लपवलं. आक्काने लपवलं नाही.

मग आक्काने निळा खंड्या दाखवला, फांदीवर बसून पाण्यात टक लावलेला. भिंगरीने टाळी वाजवायला हात उचलले आणि वेळेवर आवरले. विहीणबाईंनी माकडं दाखवली. माकडं काय, ती आंधळ्यालाही दिसली असती, सगळं झाड हलवत होती. वळणावर पाणमांजरं दिसली तेव्हा मात्र दोघींचे हात एकदमच वर गेले. आधी कोणाचा गेला हे ठरेना. विहीणबाईंनी मागे वळून डोळे मोठे केले, आक्काने भुवई उडवली. पाणमांजर मासा दोन्ही हातांत धरून डोक्याकडून कुरकुर खात होतं. त्याला या दोघींचं काही सोयरसुतक नव्हतं.

थोड्या वेळाने भिंगरी वाकत वाकत मागे आली आणि आक्काला चिकटून बसली. आक्काने विजयी नजरेने पुढे बघितलं. पोरीने अंगातलं तरंगायचं जाकीट पुढून सैल केलं आणि आतला फ्रॉक दाखवला.

"आक्काआजी, हा बघ," ती कानात म्हणाली. "शिवणआजीने खास धबधब्यासाठी शिवला. पाणी गार असतं ना, म्हणून आतून मऊ आहे. बघ हात लावून."

आक्काने हात लावला. बाहेरून चकचकीत पोहायचं कापड, लांब बाह्या, गुडघ्यापर्यंत झालरीवर झालर. आणि आत अस्तर. तिने ते चिमटीत चोळलं. फ्लॅनेल. तेही दुहेरी.

आक्का मनातल्या मनात एवढी खूश झाली की तिला घाम फुटला. फ्लॅनेल सुकं असलं की फुलासारखं हलकं. भिजलं की मेल्या म्हशीसारखं जड. दवाखान्याची फ्लॅनेलची पांघरुणं हौदातून काढताना दोन दांडग्या बायका लागायच्या, तरी कंबर धरायची. आणि हे दुहेरी, वर झालरी! पोर पाण्यात उतरायचा अवकाश, हा फ्रॉक लोंबत घोट्यांपर्यंत येणार, काखेत ओघळणार, पोर भिजल्या कोंबडीसारखी काठावर येणार. मग सगळे विचारणार, बाई बाई, हे ध्यान शिवलं कोणी? त्या वेळी आक्का काहीच बोलणार नव्हती. नुसती बघणार होती.

तिला हसू आवरलं नाही. खांदे गदगदायला लागले.

"का हसलीस?" भिंगरीने विचारलं.

गाइडने ओठांवर बोट ठेवलं. आक्कानेही ठेवलं. नियम म्हणजे नियम.

होडी काठाला लागली तिथून धबधब्यापर्यंत जंगलातून चालत जायचं होतं. वाट मुळांची, निसरडी. विहीणबाईंच्या मोज्यावर जळू चढली तेव्हा त्यांनी अशी किंकाळी फोडली की सकाळपासून धरलेल्या शांततेची भरपाई झाली.

"काढा हो कोणीतरी! रक्त पितेय मेली!"

"प्यायल्यावर पस्तावेल," आक्का म्हणाली.

"आई!" लेक कडाडली.

"मी जळवेची काळजी करतेय गं."

"करा, करा," विहीणबाई मोजा झटकत म्हणाल्या. "जात ओळखीची ना तुमच्या. चिकटली की सुटत नाही."

"आई, तूसुद्धा!" आता जावईबापू आपल्या आईवर ओरडले. मग बराच वेळ दोघी नाकातून श्वास सोडत चालत राहिल्या, मालगाडीच्या दोन इंजिनांसारख्या.

धबधबा उंच काळ्या कड्यावरून पडत होता. खाली मोठा डोह. अलीकडचं पाणी कमरेएवढं, पुढे खोल, आणि त्याच्याही पुढे जिथे धार आदळत होती तिथे नुसता फेस. डोहाच्या मधोमध गाइडने दोर बांधला. "दोराच्या पलीकडे कोणी जायचं नाही. पोहता येत नाही त्यांनी जाकीट काढायचं नाही. ज्यांना येतं त्यांनी आधी मला दाखवायचं."

भिंगरीने काठाकाठाने पोहून दाखवलं. पोहायच्या शिकवणीत तिला पदक मिळालं होतं आणि त्यासाठी विहीणबाईंनी आपल्या लेकाच्या जुन्या शर्टाचा पोहायचा पोशाख शिवून दिला होता. आज पोरीने तोच अंगात घालून दाखवलं, नवा फ्रॉक काढून खडकावर सुका ठेवून, कारण नवा फ्रॉक फोटोसाठी होता. गाइडने मान डोलावली. "छान पोहतेस. बाबांच्या बाजूने राहा. जाकीट नको असेल तर चालेल, पण दोराच्या अलीकडे."

मग फोटोची वेळ आली आणि पोरीने त्याच पोशाखावर नवा फ्रॉक चढवला. गाइडने तो बघितला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हा बराच भरगच्च आहे. पाण्यात घालून बघितलाय का?"

"माझ्या हातचा आहे," विहीणबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिवतेय मी. पोहायचंच कापड आहे ते."

गाइडला वरचं कापडच दिसत होतं. तो आक्काकडे वळला. "आजी, तुमची लाँड्री आहे ना? सकाळी सांगत होतात. ठीक वाटतंय तुम्हाला?"

झालं. सगळ्यांची तोंडं आक्काकडे. धबधब्याचा आवाज कान भरून येत होता. एक शब्द, 'अस्तर' एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण तो बोलला की विहीणबाई तिथल्या तिथे अस्तर उसवणार, पोर सुंदर दिसणार, फोटो निघणार, आणि परतताना पोर म्हणणार, शिवणआजीकडे.

"विहीणबाईंच्या हातचं आहे," आक्का म्हणाली. "मी अडाणी बाई काय बोलणार?"

विहीणबाईंनी तिच्याकडे चमकून बघितलं. आक्काच्या तोंडून एवढी नम्रता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांना संशय यायला हवा होता. पण कौतुक कोणालाही गोड लागतं.

भिंगरी उतरली. आक्का काठाच्या खडकावर पाय सोडून बसली, नाटकाला पहिल्या रांगेत बसावं तशी. आधी कमरेएवढ्या पाण्यात फोटो झाले. झालरी पाण्यावर फुलासारख्या पसरल्या, आणि विहीणबाईंनी आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, कशी दिसतेय!" थांबा जरा, आक्का मनात म्हणाली, कापडाला प्यायला वेळ द्या.

मग पोर बापाबरोबर दोराकडे निघाली. बाप पुढे, पोर मागे. खोल पाण्यात आले तेव्हा काठावरून लेकीने हाक मारली, "इकडे बघा, इकडे!" आणि जावईबापूंनी वळून कॅमेऱ्याकडे हात हलवला.

झालरी पसरायच्या थांबल्या होत्या. त्या खाली गेल्या होत्या. आक्काने ते बघितलं आणि तिच्या ओठांवर हसू यायला लागलं, आणि तेवढ्यात तिला पोरीचे खांदे दिसेनासे झाले. मग हनुवटी. पोर हात मारत होती, पण बाह्या अशा उचलत होती जशा हौदातून पांघरुणं उचलतात, जड, सावकाश. तोंड वर करून तिने एकदा श्वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला नाही.

आक्का उभी राहिली आणि ओरडली, एवढ्या जोरात की धबधब्याचा आवाजसुद्धा फिका पडला, "फ्रॉक! फ्रॉक काढा तिचा! अस्तर प्यायलंय! फाडा तो!"

गाइडने गळ्यातली शिट्टी काढून टाकली आणि सूर मारला. जावईबापूंना काय चाललंय ते कळतच नव्हतं, ते उलट्या बाजूला शोधत होते. आणि विहीणबाई, ज्यांनी सकाळपासून पाण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं, त्या चपलांसकट सरळ पाण्यात चालत निघाल्या. गुडघे, कंबर, छाती. थांबेनातच. जाकीट खडकावरच राहिलेलं. पोहणं तर सोडाच, त्यांना पाण्यात उभंही राहता येत नव्हतं.

पोहता आक्कालाही येत नव्हतं. आयुष्य पाण्यात गेलं, पण घोट्याएवढ्याच. ती मागून धडपडत गेली आणि तिने विहीणबाईंच्या मानेमागचं कापड मुठीत धरलं, पीळ घालून, जशी ओली चादर धरतात.

"सोडा मला! माझी पोर!"

"तो आणतोय तिला! तुम्ही बुडालात तर तुम्हाला काढायला परत कोण जाणार? मागे या!"

"सोडा म्हणते ना!"

विहीणबाईंनी कोपर मारलं. ते आक्काच्या दातांवर बसलं. तोंडात रक्त आलं तरी आक्काने पीळ सोडला नाही.

गाइड वर आला तेव्हा त्याच्या एका हातात पोर होती, जुन्या शर्टाच्या पोशाखातली, आणि फ्रॉक मागे पाण्यात उलटा तरंगत, नाही, उलटा बुडत होता. काठावर आणून त्याने पोरीला कुशीवर केलं. ती खोकली. पाणी ओकली. मग तिने असा गळा काढला की ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

पोर आईच्या मांडीवर, टॉवेलात. विहीणबाई खाली गवतात बसलेल्या, अंगातून पाणी निथळतंय, चपला डोहात गेलेल्या. गाइडने फ्रॉक काठीने ओढून आणला आणि खडकावर टाकला. तो थप्पकन पडला, मटणाच्या तुकड्यासारखा.

विहीणबाईंनी तो उचलून बघितला. दोन हातांनी उचलावा लागला.

"मीच," त्या म्हणाल्या. "थंडी वाजू नये म्हणून मीच घातलं अस्तर. माझी अक्कल कुठे गेली होती?" मग त्या सुनेकडे वळल्या. आवाज अगदी बसलेला. "तिला आक्कांकडेच ठेवा. माझ्याकडे नको. विचारूही नका तिला."

आक्का जिंकली. उभ्या उभ्या, न भांडता. आता तोंड मिटून बसलं की झालं.

"पण आक्का," जावईबापू अजून धापा टाकत होते, "तुम्हाला एवढ्या लांबून कळलं कसं? मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो, मला कळलं नाही."

"तिला होडीतच कळलं होतं," टॉवेलातून भिंगरी म्हणाली. नाक वाहत होतं, आवाज घोगरा. "तिने आत हात लावला आणि हसली. मी विचारलं का हसलीस, तर सांगितलं नाही." मग तिने आक्काकडे बघितलं. "आक्काआजी, का हसलीस?"

पोरीने सहज विचारलं होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आक्का खोटं बोलू शकली असती. खंड्याला हसले, माकडाला हसले. ओठ फुटलेला होता, रक्त दिसत होतं, दया आली असती लोकांना. पण आक्काला दयेची सवय नव्हती.

"फ्रॉक लोंबणार म्हणून हसले," ती म्हणाली. "शिवणआजीची फजिती होणार म्हणून."

लेकीने डोळे मिटले. "आई, आता एक शब्द बोलू नकोस."

पण विहीणबाई उठल्या होत्या. अनवाणी, ओल्या, केस तोंडावर. "गाइडने तुम्हाला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात मी अडाणी. पोरीच्या जिवाशी खेळून माझी फजिती बघणार होतात?"

"फजिती बघणार होते," आक्का म्हणाली. "जिवाचा हिशोब केला नव्हता."

"करायला हवा होता."

"हो."

एवढं एक अक्षर आक्काने विहीणबाईंना आयुष्यात पहिल्यांदा दिलं. तिच्या तोंडाला ते रक्तापेक्षा खारट लागलं.

परतीच्या होडीत नावाड्याने वजनाचं काही सांगितलं नाही. भिंगरी पुढच्या फळीवर विहीणबाईंच्या मांडीत झोपली होती. कोणाकडे राहायचं हे तिला कोणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. मागे बसायचं तर इंजिनाजवळ, आणि तिथे आक्का एकटी होती. मग तिने पायांजवळ पडलेला तो फ्रॉक उचलला, होडीच्या कडेवरून बाहेर धरला आणि पिळला. पीळ देत गेली, देत गेली. एवढं पाणी निघालं की नावाडी वळून बघायला लागला. मग तिने फ्रॉक उलटा केला आणि अस्तराची शिवण दातांनी उसवायला घेतली. फुटलेला ओठ झोंबत होता. टाका निघेना.

ती उठली आणि वाकत वाकत पुढे गेली. विहीणबाईंच्या समोर बसली. विहीणबाईंनी पोरीवरचा हात काढला नाही, पण दुसऱ्या हाताने कनवटीच्या पिशवीतून धागे कापायची छोटी कातरी काढली आणि आक्काच्या मांडीवर टाकली. दिली नाही, टाकली.

आक्का एकेक टाका कापत गेली.

"फार बारीक टाके घालता," ती शेवटी हळूच म्हणाली. नदीवर बोलायचं नव्हतं.

"उसवणाऱ्याला त्रास व्हावा म्हणून."

पलीकडच्या काठावर एक ओंडका हलला आणि पाण्यात सरकला. या वेळी ती खरीच मगर होती. दोघींनी बघितली. हात कोणीच वर केला नाही.

अस्तर सुटून आलं. आक्काने त्याची नीट चौघडी घातली, ओल्या कापडाची घालायची तशी, कोपऱ्याला कोपरा लावून.

"तिचे कपडे धुवायला माझ्याकडे पाठवत जा," ती म्हणाली. "दर आठवड्याला. मी आणून देईन. पोरीला दारातून बघून जाईन."

विहीणबाईंनी झोपलेल्या पोरीच्या केसांतून हात फिरवला.

"इस्त्री मी घरी करीन," त्या म्हणाल्या.